शिह त्झूचं पिल्लू घरभर शू करतंय, गौरी-गणपतीच्या आत काही फरक पडेल का?

बुंदीची_आई_पाथर्डीफाटा

नमस्कार मंडळी, आमच्याकडे शिह त्झूचं पिल्लू आणलंय, मुलगी आहे, नाव बुंदी, अडीच महिन्यांची. पाथर्डी फाट्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, घरात मी, नवरा, सासूबाई आणि सातवीतला मुलगा, ज्याच्या हट्टापायी हे सगळं सुरू झालं. तर सध्या घरात एक पायपुसणं कोरडं राहिलेलं नाही. महागडे पॅड आणले ते ती फाडते आणि आतला कापूस हॉलभर करून ठेवते आणि शू मात्र पॅडच्या बाजूला वीतभर अंतरावर. सुरुवातीला खाली न्यायचो, पावसात छत्री धरून अर्धा अर्धा तास उभं राहायचं, बाईसाहेब पानं हुंगतात, गाड्या बघतात, काही करत नाहीत, आणि वर येऊन दारात पाय ठेवला की लगेच. मग डॉक्टर म्हणाले डोस पूर्ण होईपर्यंत खाली जमिनीवर सोडूच नका, म्हणून आता ते पण बंद.

नवरा अंबडहून कंपनीतून आला की आनंदाने त्याच्या बुटांवरच. आणि सगळ्यात मोठा प्रॉब्लेम म्हणजे देवघरासमोर सासूबाईंची छोटी सतरंजी आहे, ती हिची सगळ्यात आवडती जागा. सासूबाईंचं सोवळं, त्यात श्रावण, रोज काही ना काही पूजा. त्या तोंडाने काही बोलत नाहीत पण दिवसातून चार वेळा ती सतरंजी धुऊन दोरीवर पडते आणि या हवेत ती वाळत पण नाही.

शेजारच्या काकू म्हणतात तिचं नाक त्यात घासा, एकदाच कळेल. मला ते करवत नाही. गौरी-गणपतीला घरी पंधरा-वीस माणसं असतात, तोपर्यंत निदान हॉल तरी वाचेल का? फरशी रोज फिनेलने पुसतेय.

देवळालीकॅम्पकर

ताई आधी ते नाक घासणं डोक्यातून काढून टाका. त्याने कुत्रं एवढंच शिकतं की माणसासमोर शू करायची नाही, मग ते सोफ्यामागे आणि पलंगाखाली जाऊन करतं आणि तुम्हाला चार दिवसांनी वासावरून कळतं. शिवाय एकदा तुमच्यासमोर करायला घाबरली की बाहेर नेल्यावर पट्ट्याला बांधलेली असताना पण करणार नाही, आणि तुम्ही म्हणणार खाली काही करतच नाही.

दुसरं, लहान जातीचा मुद्दा लोक विसरतात. आमच्याकडे आधी लॅब होता, नंतर डॅशहुंड आणि आता पॉम आहे, त्यामुळे फरक बघितलाय. साधारण हिशोब असा सांगतात की पिल्लू जितक्या महिन्यांचं त्यात एक मिळवा, तेवढे तास फार तर दिवसा धरू शकतं. म्हणजे तुमची बुंदी जास्तीत जास्त तीन-साडेतीन तास, ते पण झोपलेली असेल तर. जागी असेल, खेळत असेल तर अर्ध्या-पाऊण तासात येणार. आणि या छोट्या जातींचं मूत्राशयच लहान, त्यामुळे हिशोबाच्या पण आतच धरा. लॅबचं पिल्लू पाच महिन्यांत लायनीवर येतं, यांच्यातलं एखादं वर्षभर पण घेतं. म्हणून गौरी-गणपतीची तारीख तिला सांगून उपयोग नाही, पण घाण निम्म्याच्या खाली नक्की येईल.

करायचं काय तर वेळा पकडायच्या. झोपेतून उठली की लगेच, म्हणजे डोळे उघडले की उचलायचं, तिला चालत जाऊ द्यायचं नाही कारण वाटेतच बसते. खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत. खेळून थांबली की. मध्येच खेळ सोडून जमीन हुंगत गोल फिरायला लागली, मागचे पाय जवळ आले, की तुमच्याकडे दोन-तीन सेकंद असतात. जागेवर नेऊन ठेवायचं आणि आपल्याकडे तान्ह्या बाळाला करतात तसा शू शू आवाज करायचा, दर वेळी तोच. केल्या केल्या, तिथेच, उभ्या उभ्या खाऊ द्यायचा, दाण्याएवढा. घरात येऊन डब्यातून काढून दिलात तर तिला वाटतं घरात येण्याचा खाऊ मिळाला. तुमच्या पिल्लाचं खाली न करता वर येऊन करणं त्यातूनच आलं असेल, वर आलं की मोकळं सोडतात, कौतुक होतं, मग खाली कशाला करायचं.

आणि लक्ष नसेल तेव्हा मोकळं सोडायचं नाही. एक तर बारीक पट्टा तुमच्या कमरेला बांधून तिला बरोबर फिरवा, नाहीतर छोटं कुंपण करून त्यात. अख्ख्या टू बीएचकेचा ताबा अडीच महिन्यांच्या पोरीला देऊ नका.

सिडको_रॉकीबॉय

काका बाकी ठीक आहे पण थोडा धाक हवाच ना. आमच्या रॉकीला लहानपणी पेपरची गुंडाळी दाखवली की बस, एका महिन्यात सरळ. एवढे लाड केले की डोक्यावर बसतात ही छोटी कुत्री.

देवळालीकॅम्पकर

रॉकी कुठल्या जातीचा आणि किती महिन्यांचा होता तेव्हा?

सिडको_रॉकीबॉय

जर्मन शेफर्ड. सहा-सात महिन्यांचा असेल.

देवळालीकॅम्पकर

मग झालं की. सहा-सात महिन्यांचा शेफर्ड गुंडाळी न दाखवता पण त्या महिन्यात सरळ झाला असता, तेव्हा त्यांना धरता येतं. इथे पोरीला धरताच येत नाहीये, तिला धाक दाखवून काय होणार.

दोन_पग_कॉलेजरोड

मी पण फ्लॅटवालीच आहे, बुंदीच्या आई, त्यामुळे बाल्कनीचं सांगते कारण काकांचा बंगला आहे आणि अंगण आहे, आपल्याला ते सुख नाही.

पिल्लांना लहानपणी पायाखाली जे लागतं त्याची सवय होते. जे पिल्लू कापडावर शू करायला शिकलं ते आयुष्यभर कापड शोधतं. तुमची बुंदी बघा ना, पायपुसणं, सतरंजी, आणि पॅड पण तिच्या लेखी कापडच. दुकानातल्या पिंजऱ्यात राहिलेलं पिल्लू असेल तर अजून अवघड असतं, कारण कुत्र्याची जात मुळात झोपायची जागा घाण करत नाही, पण पिंजऱ्यात त्यांना दुसरा इलाजच नसतो आणि ती उपजत सवय मोडते. कुठून आणलीये ते लिहा. दोन महिन्यांच्या आत पिल्लू विकायला तर कायद्यानेच बंदी आहे, २०१७ च्या नियमांत, तरी सर्रास विकतात.

तर पहिलं काम, सगळी पायपुसणी उचला. खरंच सगळी. सासूबाईंची सतरंजी पण पूजा झाली की गुंडाळून वर. त्यांना लाकडी पाट द्या बसायला, पाटावर ही करणार नाही.

दुसरं, पॅड बंद करून टाका, पेपर पण नको. आमच्याकडे पहिला पग पेपरवर शिकवला होता आणि सासरे सकाळी खाली बसून पेपर पसरून वाचतात, पुढचं तुम्हीच समजा. त्याऐवजी कडा असलेला मोठा प्लास्टिकचा ट्रे घ्या आणि नर्सरीतून लॉनचा तुकडा आणून त्यात बसवा. खरी हिरवळ, मातीसकट. बाल्कनीत ठेवा, पावसाची झड येत नाही अशा कोपऱ्यात, आणि तिच्या झोपायच्या आणि खायच्या जागेपासून लांब. पावसाळ्यात लॉन छान टिकतं, शूने पिवळं पडलं की तुकडा बदलायचा, वरून पाणी मारायचं. फायदा असा की पुढे डोस पूर्ण झाले की खाली सोसायटीच्या गवतावर नेलं तर तिला ती जागा ओळखीची वाटते, नव्याने शिकवायला लागत नाही. एकदा तिचीच शू टिपलेला टिशू त्या लॉनवर दाबून ठेवा म्हणजे वास राहील.

फक्त सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, गणपतीत त्या ट्रेमधल्या दूर्वा खुडू नका म्हणावं 😄

आणि नवऱ्याच्या बुटांवर करते ते शिकवण्यातलं नाहीच. ते अति आनंदाने होतं, तिच्या हातात नसतं. त्यांना सांगा आल्यावर पाच मिनिटं तिच्याकडे बघायचंच नाही, बूट काढा, हातपाय धुवा, मग खाली बसून हळूच हात फिरवा. वरून वाकून उचललं की हमखास होणार. मोठी झाली की जातं आपोआप, ओरडलं तर मात्र वाढतं.

बुंदीची_आई_पाथर्डीफाटा

बापरे किती छान लिहिलंय सगळ्यांनी. हो ताई दुकानातूनच आणली, नाव नाही लिहीत, जाळीच्या पिंजऱ्यात चार पिल्लं होती एकत्र आणि खाली पेपरचे तुकडे. लॉनची आयडिया सासूबाईंना सांगितली तर त्या चक्क हसल्या, म्हणाल्या आता कुत्र्याला पण अंगण.

एक विचारायचं राहिलं. तिची शू खूप वेळा होते, म्हणजे कधी कधी दहा दहा मिनिटांनी बसते आणि दोन-चार थेंबच येतात. परवा बसल्यावर कुंईकुंई पण केलं. हे लहान जातीमुळेच का? आणि रात्री अकराला झोपलो की तीन आणि साडेपाचला रडते.

क्लिनिकवाला_पंचवटी

ताई मी जनावरांच्या दवाखान्यात कामाला आहे, डॉक्टर नाही, पण थेंब थेंब आणि कुंईकुंई वाचून लिहितोय. याला सवय समजू नका, आधी लघवी तपासून घ्या. पिल्लांना, त्यातही मादी पिल्लांना युरिन इन्फेक्शन होतं, मूत्रमार्ग आखूड असतो त्यांचा. शिह त्झूच्या मागच्या केसांना शू लागून ते ओले राहतात, या हवेत तर दिवसभर, त्यानेही त्रास वाढतो. तिथले केस कापून घ्या, अर्ध्या बोटाएवढे ठेवले तरी चालतील. इन्फेक्शन असेल तर तुम्ही कितीही वेळा पकडा, लॉन लावा, काही उपयोग नाही, तिला धरताच येणार नाही. औषधाने बरं होतं. सकाळची पहिली लघवी धरायची, उथळ स्वच्छ ताटली ती बसली की मागून हळूच सरकवायची, आणि झाकणाच्या स्वच्छ डबीत ओतून तास-दोन तासांत दवाखान्यात द्यायची. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, पण सासूबाईंना विचारून 🙏 लघवीत लाल दिसलं, जोर करूनही येतच नसली किंवा खाणं बंद केलं तर सकाळची वाट बघू नका.

आता फिनेल. फिनेलने माणसाचं नाक फसतं, कुत्र्याचं नाही, त्याला खालचा वास येतोच आणि तो परत तिथेच बसतो. अमोनिया असलेले क्लीनर तर अजून वाईट, त्यांचा वास शूसारखाच. आणि काळं फिनेल लहान पिल्लू असलेल्या घरात मुळीच वापरू नका, ओल्या फरशीवरून चालतं आणि पंजे चाटतं. शू आधी टिशूने पूर्ण टिपून घ्या, घासू नका, पसरते. मग साधं साबणाचं पाणी, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं. फरशी व्हिट्रीफाइडची असेल तरच हे, मार्बल, कोटा किंवा शहाबादी असेल तर व्हिनेगर लावू नका, डाग पडतो आणि चकाकी जाते. तिथे एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते वापरा, ते शूतला वासाचा भागच तोडतं, फक्त मारून लगेच पुसायचं नाही, बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच ओलं ठेवायचं. फरशीच्या सांध्यात जास्त मुरतं, तिथे जुन्या टूथब्रशने. कपडे, सतरंजी धुताना पण तेच.

जमिनीवर सोडू नका म्हणाले ते पार्व्होमुळे. तो विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि आपल्याकडे रस्त्यावरची कुत्री सगळीकडे फिरतात, सोसायटीच्या गार्डनमध्ये पण. लसीचे डोस साधारण तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालतात, रेबीज त्यातच बाराव्या आठवड्यानंतर कधीतरी. तोपर्यंत तिला कडेवर घेऊन खाली फिरवा, गाड्या, माणसं, वॉचमन, सगळं दिसू दे, त्याला काही हरकत नाही, फक्त खाली ठेवायचं नाही. लॉनचा तुकडा आणताना पण तेवढं बघा, नर्सरीत कुत्री मोकळी फिरत असतील तिथला घेऊ नका. आणि बाहेरच्या चपला दाराबाहेर.

दोन_पग_कॉलेजरोड

हे नर्सरीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, बरं झालं लिहिलंत. डोस होईपर्यंत मग ट्रेमध्ये प्लास्टिकची हिरवळ टाका ताई, खाली जाळी असलेली मिळते, रोज धुता येते. खऱ्या लॉनवर नंतर या.

देवळालीकॅम्पकर

रात्रीचं मी सांगतो. तिला तुमच्या पलंगाशेजारी पिंजऱ्यात किंवा उंच खोक्यात झोपवा, उभी राहील, वळेल, आडवी होईल एवढीच जागा. जास्त मोठं दिलं की एका कोपऱ्यात शू आणि दुसऱ्यात झोप. त्यात कापड टाकू नका सध्या, कापडाचं वेड आहे ना तिला, पातळ रबरी मॅट चालेल. दुकानातली असल्यामुळे आत करून झोपली तर मात्र खोकं बंद करून कुंपण वापरा, तिच्यावर जबरदस्ती नको.

तीनला रडते ते बरोबरच आहे, तिला जायचंय आणि ती सांगतेय, ही तर चांगली खूण. उठा, दिवा लावू नका, बोलू नका, खेळू नका, उचला, ट्रेमध्ये ठेवा, शू शू, झालं की परत आत. गप्पा मारल्यात तर तीन वाजता खेळायची सवय लागेल. हळूहळू तीनचे चार होतात, मग पाच.

पाणी दिवसभर तोडू नका, झोपायच्या तासभर आधी भांडं उचललं तर चालतं, पण इन्फेक्शन निघालं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही नको. खाणं चार वेळा ठरलेल्या वेळी, वीस मिनिटांनी उरलेलं उचलायचं. दिवसभर वाटी भरून ठेवली तर शीची वेळ कधीच कळणार नाही. रात्री शू होऊ नये म्हणून संध्याकाळचं खाणंच बंद करतात काही शहाणे, एवढ्याशा जातीच्या पिल्लाला ते धोक्याचं आहे, साखर उतरते आणि पिल्लू लटपटायला लागतं, फिट पण येते. आणि दूध देत असाल तर बंद करा, बऱ्याच पिल्लांना पचत नाही, पातळ शी होते आणि ती कुठेही होते.

बुंदीची_आई_पाथर्डीफाटा

दूध आणि ग्लुकोज बिस्किट, सासूबाई देतात सकाळी, त्यांच्या चहाबरोबर तिचं पण 🙈 बोलते त्यांच्याशी. उद्या सकाळी लघवी घेऊन जाते दवाखान्यात. फरशी हॉलमध्ये व्हिट्रीफाइड आणि बाल्कनीत कोटा आहे, नशीब विचारलं, मी सगळीकडेच व्हिनेगर ओतलं असतं.

खाऊ म्हणून काय देऊ? पिंपळगावला माहेर आहे त्यामुळे घरात बेदाणे कायम असतात, दाण्याएवढा तुकडा होतो त्याचा बरोबर, मुलगा तेच देणार म्हणतोय.

क्लिनिकवाला_पंचवटी

नाही!! ताई बेदाणे, मनुका, द्राक्षं काहीही नाही, एकही नाही. कुत्र्यांच्या किडनीला ते विषारी आहे, आणि किती खाल्ल्यावर बाधेल ते सांगता येत नाही, एखाद्याला थोड्यावर होतं. दोन किलोच्या पिल्लाला तर चार-पाच पण फार झाले. आपल्या जिल्ह्यात घरोघरी द्राक्षं म्हणून सीझनला हे विशेष सांगावं लागतं. आधीच दिले असतील तर किती आणि कधी ते लिहा, आणि लिहीत बसण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

बुंदीची_आई_पाथर्डीफाटा

नाही नाही, अजून दिले नाहीयेत, मुलगा डबा घेऊन उभा होता फक्त. पण सोमवारी सत्यनारायण आहे, शिऱ्यात बेदाणे असणारच आणि सासूबाई प्रसाद सगळ्यांना देतात, तिला पण देतील.

देवळालीकॅम्पकर

उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा सगळ्यात भारी, पण श्रावणात तुमच्याकडे चालणार नाही. उकडलेलं गाजर, भोपळा, पनीरचा कण, किंवा तिच्याच खाण्यातले चार दाणे बाजूला काढून तेच खाऊ म्हणून द्या.

दोन_पग_कॉलेजरोड

सोमवारी शिऱ्यात बेदाण्याऐवजी काजू घाला, आणि प्रसाद वाटायच्या वेळी तिला कुंपणात ठेवा. पंधरा माणसांच्या हातून काय काय खाली सांडतं ते तुम्हाला दिसत नाही, तिला दिसतं.

बुंदीची_आई_पाथर्डीफाटा

अपडेट देते. इन्फेक्शनच निघालं, सात दिवसांचं औषध दिलंय आणि मागचे केस तिथेच कापून दिले. पायपुसणी सगळी उचलली, ट्रे आला, प्लास्टिक हिरवळ टाकली. काल दुपारी झोपून उठल्यावर नेऊन ठेवलं, शू शू केलं, तिने माझ्याकडे बघितलं आणि ट्रेची कड चावत बसली. संध्याकाळी मात्र सासूबाईंनीच नेलं आणि झाली. त्यांचा आवाज माझ्यापेक्षा चांगला निघतो म्हणे. नवरा आल्यावर भिंतीकडे तोंड करून बूट काढतो, मुलाला फार मजा वाटते त्याची.

आता एकच, ट्रेमध्ये शू करते पण शी अजून डायनिंग टेबलाखालीच. ते वेगळं शिकवायचं असतं का?

देवळालीकॅम्पकर

वेगळं नाही, पण शीला त्यांना चार पावलं चालायला जागा लागते, गोल गोल फिरून मगच बसतात. ट्रे लहान पडत असेल. शेजारी दुसरा लावून बघा, आणि टेबलाखाली आठवडाभर खुर्च्या आडव्या करून वाट बंद.